इतर अधिकार

६ डिसेंबर २०२३, मालवण

परवा नौदल दिन झाला. अख्खं मालवण किती दिवस त्याच्याच तयारीत होतं. आज गर्दी ओसरली आणि आम्ही दोघं वायरी गावातलं विकाऊ घर पाहून आलो. चिऱ्याच्या भिंती, मंगलोरी कौलं, पुढे रुंद पडवी, मागे विहीर. सात गुंठ्यांत चौदा माड. समुद्र दिसत नाही, ऐकू येतो. डोंबिवलीच्या दोन खोल्यांत तेहतीस वर्षं काढल्यावर अशा पडवीत बसलं की हिशेबाचं भान राहत नाही, म्हणून हिशेब इथे लिहून ठेवते. मागणी ४२ लाख. आमच्याकडे माझा प्रॉव्हिडंट फंड, यांची ग्रॅच्युइटी आणि डोंबिवलीची जागा विकून येतील ते.

दलाल घाईत आहे. चिपीचं विमानतळ २०२१च्या ऑक्टोबरात सुरू झालं तेव्हापासून भाव चढतायत, आता नौदल दिनानंतर बाहेरचे लोक रांग लावतील, असं तो म्हणाला. आठवड्याच्या आत पाचशेच्या स्टॅम्पवर साठेखत, नोटरी, पाच लाख बयाणा. शेतकरी दाखल्याचं वीस हजारांत तो बघेल. वकीलही त्याच्याच ओळखीचा, दोन्ही पार्ट्यांना मिळून एकच, म्हणजे खर्च निम्मा.

यांना पटलं. मला त्यातला ‘एकच’ खटकला. का, ते आज तरी नीट सांगता येत नाही.

९ डिसेंबर

वकील शोधायचा कसा? डॉक्टरांच्या पाट्या वाचून थोडाफार अंदाज येतो. वकिलांना तर जाहिरात करायचीच मनाई आहे. मग विचारत फिरले. आधी बँकेत गेले, कारण गृहकर्ज देताना बँक ज्यांच्याकडून शोध अहवाल घेते ते वकील कागद वाचणारे असणार. तिथे तीन नावं मिळाली. मग एका निवृत्त मुख्याध्यापकांकडे गेले. त्यांना ‘चांगला वकील कोण’ असं विचारलं नाही, तर ‘इथल्या कुठल्या वकिलाने कुणाला व्यवहार करू नका म्हणून सांगितलंय?’ असं विचारलं. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, “माझाच कोळंबचा व्यवहार थांबवला होता एका बाईंनी. तेव्हा राग आला होता. पुढे त्या जमिनीचा दावा लागला, अजून चाललाय.”

त्या बाईंचं नाव बँकेच्या तीन नावांतही होतं.

१२ डिसेंबर

वकीलबाईंचं ऑफिस कोर्टापासून चार पावलांवर, एका दुकानाच्या माडीवर आहे. वय पंचेचाळीसच्या आसपास असावं. मला त्यांनी लगेच ‘काकू’ केलं. पहिला प्रश्न, “तुम्ही घेणारे की विकणारे?”

“घेणारे.”

“मग मी घेणाऱ्यांची. विकणाऱ्यांना त्यांचा वकील करू दे. एका बाजूला सल्ला दिला की त्याच कामात समोरच्यासाठी उभं राहायचं नाही, हा बार कौन्सिलचा नियम आहे. नियम नसता तरी मी तेच केलं असतं. काकू, व्यवहारात दोघांचं हित एका जागी कधी नसतं. किंमत ठरल्यावरही नसतं. एकाला पैसे आधी हवे असतात, दुसऱ्याला कागद आधी हवा असतो.”

गेल्या आठवड्यापासून मला जे खटकत होतं, ते त्यांनी दोन वाक्यांत मांडलं.

फी पंचवीस हजार. सरकारी फी वेगळी, प्रत्येक पावतीसह. काय करणार ते त्यांनी कागदावर लिहून दिलं: तीस वर्षांचा शोध आणि अहवाल, जाहीर नोटीस, खरेदीखताचा मसुदा, नोंदणीच्या दिवशी हजेरी, आणि फेरफार मंजूर होईपर्यंतचा पाठपुरावा. जमिनीची मोजणी भूमी अभिलेखवाले करतील, किंमत योग्य की अयोग्य ते आम्ही ठरवायचं. एक गोष्ट मात्र मी त्यांच्याकडून दोनदा वदवून घेतली. अहवाल वाईट आला आणि व्यवहार मोडला, तरी फी तीच. ज्याला व्यवहार झाला तरच पैसे मिळतात, त्याच्या तोंडून ‘नको’ निघणं अवघड असतं. दलालाचं तसंच आहे.

बयाण्याचं विचारलं, तर म्हणाल्या, “नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे. अहवाल येईपर्यंत एक रुपया देऊ नका.”

यांचा चेहरा पडला. त्यांच्या डोळ्यांपुढे अजून ती पडवी आहे.

२० डिसेंबर

आजचा दिवस सविस्तर लिहायला हवा.

विकणारे म्हणजे दोन भावांची मुलंबाळं. थोरला भाऊ वारला, त्याची बायको आणि दोन मुलगे लालबागला असतात. धाकटाही वारला, त्याचा मुलगा इंग्लंडात लेस्टरला आणि मुलगी पुण्यात. हे पाच जण सही करणार, सातबाऱ्यावर त्यांचीच नावं, असं दलालाने सांगितलं होतं. सातबारा मीही पाहिला होता. पाच नावं, ग्रामपंचायतीचा असेसमेंट उतारा त्यांच्या नावावर, घरपट्टी भरलेली. मला वाटलं होतं, झालं की.

वकीलबाईंनी सातबारा बाजूला सारला. म्हणाल्या, “असेसमेंट म्हणजे घरपट्टी कोण भरतं त्याची नोंद. सातबारा सरकारने सारा वसुलीसाठी ठेवलेला. खोटा ठरेपर्यंत तो खरा धरतात, पण मालकी त्याच्यावरून ठरत नाही. सुप्रीम कोर्टाने हे पुन्हा पुन्हा सांगितलंय. मालकी दस्तावरून येते, नाहीतर वारसाने. आपण ती कुठून आली ते बघू.” मग त्यांनी फेरफारांच्या नकला एकापुढे एक लावल्या. या घरात पाच नावं कशी आली, ते उलट्या क्रमाने.

१९७१चा फेरफार हाताने लिहिलेला, शाई फिकी झालेली. जमीन १९५४ साली खरेदीखताने विकत घेतलेले मूळ मालक त्या वर्षी वारले. वारस म्हणून थोरल्या मुलाचं नाव, पुढे तीन अक्षरं: ए.कु.पु. म्हणजे एकत्र कुटुंब पुढारी. धाकट्याचं नाव पुढच्या फेरफाराने लागलं. आणि १९७१च्याच नोंदीत, अगदी शेवटच्या ओळीत, बायको आणि मुलगी. मुलीच्या नावाआधी ‘विवाहित’. दोघींची नोंद ‘इतर अधिकार’ या रकान्यात.

सातबाऱ्याचा तो रकाना मी आयुष्यात कितीदा पाहिला असेन. सोसायटीचं कर्ज, बँकेचा बोजा, विहिरीतला हिस्सा, कुळाचं नाव, असं सगळं तिथे असतं. त्या रकान्यात मुलगी असते, हे मी आज पहिल्यांदा पाहिलं.

“पुढे १९९० साली आई वारली,” वकीलबाई सांगत होत्या. “तिचं नाव कमी केलं. त्याच वेळी मुलीचंही गेलं. सातबारा नव्याने लिहिताना राहिलं, किंवा राहू दिलं. काढायचा हुकूम कुठे नाही. हक्कसोडपत्र कुठे नाही. म्हणजे ती आहे.”

मी म्हटलं, मुलींना हक्क २००५ नंतर मिळाला ना?

“तो वडिलोपार्जित एकत्र मालमत्तेत, जन्माने. आपल्या महाराष्ट्राने त्यातलं थोडं १९९४ सालीच दिलं होतं. इथे त्याची गरजच नाही. ही वडिलांची स्वतःची खरेदी. हिंदू वारसा कायदा १९५६ पासून आहे, त्यात मुलगी पहिल्या वर्गातली वारस. मुलाइतकीच. १९७१ साली बायको, दोन मुलगे, एक मुलगी, प्रत्येकी चार आणे. आईचे चार आणे पुढे तिघांत वाटले गेले. म्हणजे त्या बाईचा हिस्सा एक तृतीयांश.”

४२ लाखांचा एक तृतीयांश १४ लाख.

“जिवंत आहे ती?” मी विचारलं.

“ते तुम्ही शोधा. ही नोंद तुम्ही वाचली आहे, आता ‘आम्हाला माहीत नव्हतं’ असं कोर्टात म्हणता येणार नाही.”

२१ डिसेंबर

दलालाचा फोन. “ती म्हातारी मसुऱ्याक आसा. सही करतली. साडी-चोळी केली काय झाला.” ती आहे हे त्याला ठाऊक होतं, हे यावरून कळलं.

२८ डिसेंबर

वकीलबाईंबरोबर दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात गेले. संगणकावरचा शोध २००२पासूनचा, त्याच्या आधीचं सगळं पुस्तकांत. सूची क्रमांक दोनची जाड पुस्तकं, गावागणिक, सालागणिक. बाई बोट ठेवून ओळ न् ओळ वाचतात. ओठ हलतात पण आवाज येत नाही. तीन तासांत मी दोनदा बाहेर जाऊन आले, त्या उठल्या नाहीत. पंचवीस हजार कशाचे, ते मला इथे दिसलं.

१९५४च्या खरेदीखतात १९२७च्या एका मोडी दस्ताचा उल्लेख आहे. तो एका मोडी जाणणाऱ्या गुरुजींना वाचायला दिला. चतुःसीमा जुळतात, पश्चिमेला ‘समुद्राकडे जाणारी वाट’ आहे.

जमीन बिनशेती आहे. सनद १९७९ची, सही रत्नागिरीच्या जिल्हाधिकाऱ्यांची. सिंधुदुर्ग जिल्हा व्हायला तेव्हा दोन वर्षं होती, १ मे १९८१ला तो झाला. तेव्हा शेतकरी दाखल्याचा प्रश्नच उद्भवत नाही. दलाल ज्याचे वीस हजार मागत होता त्या कागदाची गरजच नव्हती. सोसायटीचा १९८३चा बोजा फेडलेला, पण उतरवलेला नाही. तो उतरवून घ्यायचा. घर सीआरझेडच्या पहिल्या, १९९१च्या अधिसूचनेच्या आधीचं आहे, हे ग्रामपंचायतीच्या जुन्या घरपत्रकावरून दाखवता येतं. उद्या दुरुस्तीची परवानगी मागायला जाऊ तेव्हा हाच कागद पुढे करावा लागेल.

५ जानेवारी २०२४, मसुरे

एकटीच गेले. यांना नेलं नाही.

आजी ८२ वर्षांच्या. अंगण नुकतंच सारवलेलं, त्याच्या कडेला बसून काथ्या वळत होत्या. मी नेरूरची, हे कळल्यावर बोलणं सोपं झालं. त्यांना मी सरळ सांगितलं की तुमच्या वडिलांचं घर आम्ही घेतोय आणि तुमच्या सहीशिवाय ते होत नाही. त्यांनी हातातला काथ्या खाली ठेवला.

“माझा नाव आसा तेच्यात?”

“होता. इतर अधिकारात. मगे गेला.”

“कोणी काढल्यान?”

मी म्हटलं, कोणी काढलं असा कागद नाही.

त्या खूप वेळ बोलल्या नाहीत. मग घराबद्दल सांगू लागल्या. विहीर खणली तेव्हा त्या दहा-बारा वर्षांच्या होत्या, माती वाहायला सगळी भावंडं. चौदा माडांतले पाच त्यांनी लावलेले, कुठले ते सांगितले. “बापूस गेलो तेवा माका कोणी इचारूक नाय. लगीन झाला म्हणान मी परक्या झालंय.” रडल्या नाहीत. आवाज अगदी सरळ होता.

मी विचारलं, सही कराल का?

“सही करूक माका काय नाय. पण फुकट कित्याक करू? भावांका वाटा आणि माका लुगडा?”

मी सांगितलं, तुमचा हिस्सा तिसरा आहे, पण हे माझ्या वकिलाने मला सांगितलंय. मी घेणारी. माझ्या शब्दावर जाऊ नका, तुमचा तुम्ही वकील करा. त्या हसल्या. वकिलाला पैसे कुठले? तेव्हा वकीलबाईंनी निघताना सांगितलेलं मी सांगितलं. विधी सेवा प्राधिकरणाचा १९८७चा कायदा आहे, त्यात स्त्रीला मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न किती ते विचारत नाहीत. मालवणच्या कोर्टात तालुका विधी सेवा समिती आहे, साध्या कागदावर अर्ज चालतो.

अर्ज त्यांच्या नातीने लिहिला, दहावीतल्या. मजकूर मी सांगितला नाही, फक्त कुठे द्यायचा ते सांगितलं.

निघताना त्यांनी मला विचारलं, “आनी तुझ्या म्हायारच्या जाग्यार तुझा नाव आसा?”

६ जानेवारी

रात्री झोप लागली नाही.

वडील १९९६ साली गेले. १९९८च्या मे महिन्यात मी सुट्टीला नेरूरला गेले होते, तेव्हा दादा एक दिवस कुडाळला घेऊन गेला. हक्कसोडपत्र होतं. वडिलांचं घर, भातशेती, आंब्याची बाग. मी शाळेत मराठी शिकवणारी बाई, मुलांना ‘प्रश्न दोनदा वाचा’ म्हणून सांगणारी. तिथे मी एवढंच विचारलं, सही कुठे करायची? येताना दादाने बाजारातून माझ्यासाठी खाजं घेतलं होतं, ते आठवतं. दादा वाईट नाही. माझ्या आजारपणात तो महिनाभर डोंबिवलीला येऊन राहिला होता. मी त्याला ‘नाही’ म्हटलं असतं असंही नाही. कदाचित दिलंच असतं. पण काय देतेय ते वाचून दिलं असतं.

११ जानेवारी

लेस्टरच्या मुलाचा फोन, तासभर. आत्याचं त्याला खरंच माहीत नव्हतं. त्याने गेल्या वर्षी तिथे घर घेतलं. त्याचा सॉलिसिटर वेगळा, विकणाऱ्याचा वेगळा, दोघांचा पत्रव्यवहार. गटारं कुठून जातात, पालिकेच्या काही योजना आहेत का, इथपर्यंत शोध. शेवटी सरकारी लँड रजिस्ट्रीत नाव लागलं की त्या मालकीची हमी सरकार देतं. आपल्याकडे ती हमी नाही. आपल्याकडे सरकार दस्त नोंदवतं, पण विकणारा खरा मालक आहे की नाही याची हमी घेत नाही. म्हणजे तिथल्यापेक्षा इथे वकिलाची गरज जास्त. आणि लोक उलटं समजतात: तिथे सॉलिसिटर लागतो, इथे दस्त लिहिणारा पुरे.

वकीलबाईंना हे सांगितलं तर म्हणाल्या, मुंबईतही हायकोर्टाच्या पद्धतीत सॉलिसिटर वेगळे आणि कोर्टात उभे राहणारे वेगळे असत. १९७६च्या अखेरीला तो भेद कायद्याने संपला, पण कागद घडवणारे जुने सॉलिसिटर मुंबईत अजून मानाने काम करतात. “गावात ते दोन्ही मीच.”

मुलगा पुण्याच्या बहिणीला कुलमुखत्यारपत्र देणार. सही बर्मिंगहॅमच्या भारतीय वाणिज्य दूतावासात जाऊन करायची. कागद महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांत इथला मुद्रांक लावायचा. आणि तो परदेशी राहणारा असल्याने त्याच्या हिश्श्याच्या सात लाखांवरचा कर आम्ही कापून भरायचा. एरवी ५० लाखांच्या खाली घेणाऱ्याला कर कापावा लागत नाही, परदेशस्थ विकणाऱ्याला ती सवलत नाही. हे दलाल तर सोडाच, बँकेतही कोणी बोललं नव्हतं. कुडाळच्या सीएंकडे ते काम दिलं.

१८ जानेवारी

जाहीर नोटीस आज छापून आली. चौदा दिवसांची मुदत.

३० जानेवारी

बाराव्या दिवशी हरकत आली. मसुऱ्याच्या आजींची, त्यांच्या वकिलामार्फत. एक तृतीयांश हिस्सा मान्य केल्याशिवाय व्यवहार करू नये, केल्यास दावा. स्वच्छ, दीड पानाची.

संध्याकाळी दलाल घरी येऊन ओरडून गेला. तुम्हीच शिकवलंत म्हातारीला, असं म्हणाला. लालबागच्या मोठ्या मुलाचा फोन, त्याचाही आवाज चढलेला. आत्येचं लग्न थाटात करून दिलं होतं, तेव्हाच तिचं सगळं फिटलं. मी ऐकून घेतलं. तो वाईट बोलला नाही, पण दुखावला होता. त्याने हिशेब २१ लाखांचा केला होता, १४चा नाही. त्या जास्तीच्या सात लाखांवर त्याच्या घरात काहीतरी ठरलं असणार, मुलाची फी, खोलीची दुरुस्ती. तेही खरंच आहे.

३ फेब्रुवारी

यांचं आणि माझं भांडण. गेल्या पंधरा वर्षांत एवढं झालं नसेल. “तू मसुऱ्याला गेली नसतीस तर आज चावी हातात असती.” मी म्हटलं, चावी असती, घर नसतं. ते म्हणाले, तुझं दरवेळी शाळेतल्यासारखं. मग दोघंही जेवलो नाही.

वकीलबाईंना फोन केला. त्या मला खूश वाटल्या. “काकू, ही हरकत आज आली हे तुमचं नशीब. नोटिशीचा उपयोग हाच. खरेदीखतानंतर आली असती तर तुम्ही ४२ लाख दिलेले असते आणि तुमच्याकडे दोन तृतीयांश घर असतं. उरलेल्या तिसऱ्यासाठी वीस वर्षं कोर्टात.” हे मी फोन स्पीकरवर ठेवून यांना ऐकवलं. काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने उठून दोघांसाठी चहा केला.

१० फेब्रुवारी

वकीलबाईंच्या ऑफिसात बैठक. लालबागचे दोघे भाऊ, त्यांनी आता आपला वकील केलाय, वयस्कर, शांत माणूस. पुण्याची मुलगी. आजी, त्यांची नात, आणि समितीने दिलेले तरुण वकील. आम्ही दोघं. टेबलाच्या चार बाजूंना चार बाजू, आणि तीन वकील.

मला वाटलं होतं आवाज चढतील. भावांच्या वकिलांनी १९७१चा फेरफार वाचला, चष्मा काढला आणि आपल्याच अशिलांना म्हणाले, “आत्याचा हिस्सा आहे. मी तुम्हाला लढायला सांगणार नाही.” मोठा मुलगा त्यांच्याकडे बघत राहिला. दलाल दोन महिने जे सांगत होता त्याच्या उलट मुलाच्या स्वतःच्या वकिलाने सांगितलं. दुसऱ्या बाजूचा वकील हेच बोलला असता तर त्याने ऐकलं नसतं. मला आता पक्कं वाटतं की प्रत्येकाचा वकील वेगळा असण्याने भांडण वाढत नाही. आपलं म्हणणारा माणूस कडू बोलला तर ते गिळता येतं.

१४ लाख आजींना, त्यांच्या नावाच्या खात्यात, थेट. उरलेले दोन्ही शाखांना १४-१४. आजींनी एवढंच विचारलं की पैसे सहीच्या आधी का नंतर. त्यांच्या वकिलांनी सांगितलं, डिमांड ड्राफ्ट त्या दिवशी, समोरासमोर, नंबर खतात लिहिलेला.

मोठा मुलगा जाताना वाकून आजींच्या पाया पडला. आजींनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला, पण लगेच काढून घेतला. मी हे पाहिलं तसं लिहिलं.

१७ फेब्रुवारी

तातडीची मोजणी झाली. सात गुंठ्यांत पाव गुंठा कमी. पश्चिमेच्या गडग्याला लागून वाट निघाली, १९२७च्या मोडीतलीच. दांडीकडच्या बायका याच वाटेने किनाऱ्यावर जातात. शेजारीण विचारायला आली, वाट बंद करणार का? खतात लिहून घेतलं: वहिवाटीची वाट, सहा फूट, सर्वांसाठी खुली.

२७ फेब्रुवारी

मसुदा वाचला. बाईंनी मला मोठ्याने वाचायला लावलं, सगळी एकोणीस पानं. वाचता वाचता मी थांबले ते ‘लिहून घेणार’ या शब्दांपाशी. तिथे एकटं माझं नाव आहे. बाईंनी कारण आधी व्यवहाराचं सांगितलं होतं, राहतं घर एकट्या बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. यांनीच आग्रह धरला. म्हणाले, “पैसे निम्मे तुझे आहेत. आणि मसुऱ्याला तू गेली होतीस.”

४ मार्च

शनिवारी आंगणेवाडीची जत्रा झाली. भराडीदेवीला मुंबईकर येणारच होते, म्हणून नोंदणीची तारीख आजची ठेवली. जत्रेची गर्दी अजून रस्त्यावर आहे, मसुऱ्याहून यायला आजींना दीड तास लागला. आजारी किंवा म्हाताऱ्या माणसाच्या घरी येऊन निबंधक कबुली घेतात, तशी सोय आहे, पण आजी म्हणाल्या, मी येतंय.

कार्यालयात खूप थांबावं लागलं. मग एकेकाचा फोटो, अंगठा, साक्षीदार. आजींचा अंगठा यंत्र घेईना. काथ्याने बोटं झिजली आहेत. चौथ्या वेळी घेतला. अधिकाऱ्यांनी विचारलं, मजकूर मान्य आहे? वाचलात?

“माका वाचूक येय ना. माझ्या वकिलान दोनदा वाचून दाखयल्यान. माका कळला.”

“पैसे मिळाले?”

आजींनी पदराच्या गाठीतून ड्राफ्ट काढून दाखवला, परत गाठीत बांधला आणि मग म्हणाल्या, “मेळाले.”

सही त्यांनी केली. अंगठा नाही, सही. नातीने महिनाभर शिकवली होती.

२२ मार्च

फेरफाराची नोंद धरली, नोटिसा निघाल्या. पंधरा दिवस हरकतीचे. मी रोज विहिरीचं पाणी काढून आजींच्या पाच माडांना घालते. कुठले ते त्यांनी सांगितलं होतंच.

२ एप्रिल, कुडाळ

आज कुडाळच्या दुय्यम निबंधक कार्यालयात १९९८च्या त्या दस्ताची नक्कल मागितली. अर्ज करताना वकीलबाईंना विचारलं होतं. त्या म्हणाल्या, आता काही करता येईल असं समजू नका. मी म्हटलं, काही करायचं नाही, वाचायचंय.

दुपारी नक्कल मिळाली. एसटी स्टँडच्या बाकावर बसून वाचली. सहा पानं. घराची चतुःसीमा, भाताचे चार तुकडे सर्व्हे नंबरांसह, बागेत सत्तावीस कलमं, ती मला वाटलं होतं दहा-बारा असतील. मोबदला: काही नाही. शेवटच्या पानावर, ‘सदर दस्त वाचून, समजून व स्वखुशीने’ या ओळीखाली, माझी सही. अक्षर तेव्हा बरंच गोल होतं.

नेरूरची एसटी लागली तशी उठले. दादाला फोन करून सांगितलं, रात्री जेवायला येते.